फायरफॉक्स : मालक धर्मादाय, मिळकत गुगलची

फायरफॉक्स ब्राउझरच्या मदत यादीतून ‘फायरफॉक्सविषयी’ ही चौकट उघडली, की आवृत्तीच्या क्रमांकाखाली दोन ओळी वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत. मोझिला नावाच्या जागतिक समुदायाने हा ब्राउझर घडवला आहे, असे पहिली ओळ सांगते, आणि मदत करायची असल्यास देणगी द्या किंवा कामात सहभागी व्हा, असे दुसरी ओळ सुचवते. वाचणाऱ्याचा साहजिकच असा समज होतो, की ही देणगी समोर उघडलेल्या ब्राउझरवर खर्च होणार. प्रत्यक्षात ती मोझिला फाउंडेशन या कॅलिफोर्नियातील धर्मादाय संस्थेकडे जाते. ब्राउझर तयार करते ती मोझिला कॉर्पोरेशन, म्हणजे पगारी अभियंते ठेवणारी, कर भरणारी आणि नफा मिळवण्याची मुभा असलेली कंपनी. फाउंडेशन या कंपनीची शंभर टक्के मालक आहे. परंतु देणगीचा पैसा मालकाकडून कंपनीत उतरत नाही, कंपनीच्या मिळकतीचा एक भाग मात्र मालकाकडे जातो.

मी फायरफॉक्स बरीच वर्षे रोजच्या कामासाठी वापरतो आणि एका सार्वजनिक वाचनालयाच्या विश्वस्त मंडळावर हिशेब पाहण्याचे काम करतो. आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर तीन गाळे आहेत आणि त्यांच्या भाड्यावरच वरच्या मजल्यावरील पुस्तके टिकून आहेत. त्यामुळे एखादे पान किती मिलिसेकंदांत उघडते यापेक्षा, ते उघडून देणाऱ्या संस्थेचे भाडे कोण भरतो, हा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. हे परीक्षण त्याच अंगाने लिहिले आहे.

आधी वस्तूविषयी. फायरफॉक्स आज उत्तम ब्राउझर आहे, आणि त्याचे जे गुण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते बहुतेक त्याच्या मालकीतून आलेले आहेत. जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज, म्हणजे ते आपल्या संगणकावर ठेवते त्या ओळखीच्या चिठ्ठ्या, स्वतंत्र कप्प्यात बंद ठेवण्याची व्यवस्था सर्व वापरकर्त्यांसाठी आपोआप सुरू झाली. त्यामुळे सकाळी एका दुकानात पाहिलेला मिक्सर दुपारी बातम्यांच्या पानावर पाठलाग करत येण्याचे प्रमाण कमी होते. गुगलने क्रोममधून तिऱ्हाईत कुकीज, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या, काढून टाकण्याची घोषणा २०२० मध्येच केली होती आणि अनेकदा मुदत वाढवून शेवटी तो बेत सोडून दिला. (ॲपलच्या सफारीने हे काम फायरफॉक्सच्याही आधी केले, हे प्रांजळपणे सांगायला हवे; पण ॲपलचे पोट जाहिरातींवर नव्हे तर यंत्रांच्या विक्रीवर भरते.) जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन हे विस्तारक क्रोमने आपले नियम बदलून निकामी केले, तर फायरफॉक्समध्ये ते पूर्ण ताकदीने चालते. कंटेनर नावाची सोयही अशीच आहे : एकाच खिडकीत वाचनालयाचे खाते एका रंगाच्या टॅबमध्ये आणि घरचे खाते दुसऱ्या रंगाच्या टॅबमध्ये उघडे ठेवता येते, आणि दोघांना परस्परांचा पत्ता लागत नाही. जिच्या मागे तिमाही नफा विचारणारे भागधारक बसलेले आहेत, अशा जाहिरात कंपनीकडून या तीनही गोष्टींची अपेक्षा करणे व्यर्थ होते.

दोषही आहेत. काही मोठी संकेतस्थळे केवळ क्रोमवर तपासून बाजारात सोडली जातात, आणि त्याचा भुर्दंड फायरफॉक्सच्या वापरकर्त्याला पडतो. एका बँकेचे संकेतस्थळ मला विनम्रपणे दुसरा ब्राउझर वापरण्यास सांगते, आणि मीही महिन्यातून एकदा तितक्याच विनम्रपणे ते ऐकतो. हा दोष फायरफॉक्सने निर्माण केलेला नसला, तरी वापरणाऱ्याला गैरसोय व्हायची ती होतेच.

आता मालकीकडे. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता (सोर्स कोड) ३१ मार्च १९९८ रोजी सर्वांसाठी खुली केली आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. पुढे नेटस्केप एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने विकत घेतली, एओएलचा उत्साह ओसरला, आणि जुलै २००३ मध्ये प्रकल्पाला स्वतंत्र धर्मादाय संस्थेचे रूप देऊन वाटेला लावण्यात आले. वाटखर्चासाठी एओएलने २० लाख डॉलर दिले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि या लहानशा संस्थेवर अकस्मात पैशांचा पाऊस पडला. ब्राउझरच्या शोधपेटीतून होणाऱ्या प्रत्येक शोधामागे गुगलला जाहिरातींचे उत्पन्न मिळत होते आणि त्यातील वाटा गुगल मोझिलाला देऊ लागले. २००४ साली ५८ लाख डॉलर असलेले उत्पन्न २००५ साली ५ कोटी २९ लाखांवर गेले.

धर्मादाय संस्थेच्या हिशेबनीसाला ज्या क्षणी घाम फुटतो, तो नेमका हाच. आपल्याकडे वाचनालयाने गाळे भाड्याने दिले तर प्रश्न फारसा येत नाही, पण वाचनालयच उद्या तळमजल्यावर किराणा दुकान चालवू लागले आणि त्याची उलाढाल ग्रंथालयाच्या वर्गणीच्या शंभरपट झाली, तर धर्मादाय आयुक्त आणि आयकर अधिकारी दोघेही चौकशीला येतील. अमेरिकेतही तसेच आहे. संस्थेच्या उद्दिष्टाशी थेट संबंध नसलेल्या व्यवसायातून नियमित उत्पन्न आले, तर त्यावर कर लागतो आणि प्रमाण फार वाढल्यास करमाफीचा दर्जाच धोक्यात येतो. म्हणून ३ ऑगस्ट २००५ रोजी मोझिला कॉर्पोरेशन स्थापन झाली. व्यवसाय, करार, कर्मचारी आणि कर हे सारे कंपनीकडे गेले. नाव, बोधचिन्ह आणि कंपनीचे सर्व समभाग फाउंडेशनकडे राहिले. तरीही आधीच्या काळातील उत्पन्नावरून अमेरिकेच्या करखात्याशी वाद झालाच, आणि तो १५ लाख डॉलर भरून २०१२ मध्ये मिटला.

ही व्यवस्था त्या काळी हुशारीची होती आणि तिचे मोठे फायदे आजही उभे आहेत. कंपनीचे समभाग बाजारात नाहीत, गुंतवणूकदार नाहीत, आणि कर्मचाऱ्यांनाही समभागांचे आमिष दाखवता येत नाही. त्यामुळे फायरफॉक्स विकत घेऊन बंद पाडणे किंवा त्याचे रूप पालटून टाकणे हे कोणा धनाढ्याला साधणारे नाही. संहिता खुली असल्याने मोझिलाने टाकून दिलेल्या गोष्टीही वाया जात नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सने १,९९९ रुपयांत फायरफॉक्स ओएस या मोझिलाच्या फोनप्रणालीवर चालणारा फोन भारतात आणला होता. तो प्रयोग फसला, मोझिलाने हात आखडता घेतला, पण त्याच संहितेच्या फांदीवर कायओएस उभी राहिली आणि २०१७ पासून जिओफोनच्या रूपाने ती खेडोपाडी पोहोचली. फायरफॉक्सची मराठी आवृत्तीही स्वयंसेवकांच्या भाषांतरावर उभी आहे, आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात लोकांनी फुकट दिलेल्या मराठी वाक्यांचे ध्वनिमुद्रण जमा झालेले आहे. एखाद्या खासगी कंपनीसाठी रविवारची दुपार घालवून ‘पसंती’ लिहावे की ‘प्राधान्ये’ यावर कोणी डोके खपवले असते, असे मला वाटत नाही. मालक धर्मादाय आहे हा विश्वास हेच त्या श्रमांचे मानधन होते.

मात्र मालकी सुरक्षित असली म्हणून मिळकत सुरक्षित होत नाही, आणि या परीक्षणातील माझी मुख्य तक्रार तीच आहे. २०२२ साली मोझिलाचे एकूण उत्पन्न सुमारे ५९ कोटी ३० लाख डॉलर होते आणि त्यातील सुमारे ५१ कोटी डॉलर स्वामित्वधनाचे होते. हे स्वामित्वधन मुख्यतः शोधयंत्रांकडून, त्यातही बहुतांश गुगलकडून येते. ही सवय सोडण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१४ अखेरीस मोझिलाने अमेरिकेत याहूशी पाच वर्षांचा करार केला. पण अनेक वापरकर्त्यांनी याहू दिसताच स्वतः शोधयंत्र बदलून घेतले, पुढे याहूच व्हेरायझन या दूरसंचार कंपनीला विकले गेले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात, नव्या वेगवान आवृत्तीबरोबरच, मोझिला पुन्हा गुगलच्या दारात येऊन उभी राहिली.

यातून जो प्रसंग उद्भवला तो एखाद्या नाटककारालाही सुचला नसता. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गुगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. आपले शोधयंत्र ठिकठिकाणी आधीपासून बसवून घेण्यासाठी गुगलने एकट्या २०२१ सालात भागीदारांना मिळून २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. आता या रकमा थांबवाव्यात काय, यावर सुनावणी सुरू झाली, तेव्हा मे २०२५ मध्ये मोझिलाचे वित्तप्रमुख एरिक म्यूलहाइम साक्षीला उभे राहिले. कंपनीच्या उत्पन्नापैकी सुमारे ९० टक्के फायरफॉक्समधून येते आणि त्यातील सुमारे ८५ टक्के गुगलच्या करारातून, असे त्यांनी सांगितले; आणि ही रक्कम बंद झाल्यास फायरफॉक्सच बंद पडू शकेल, अशी भीती व्यक्त केली. इंटरनेट मूठभर कंपन्यांच्या हाती जाऊ नये, हे ज्या संस्थेच्या जाहीरनाम्याचे सार, तिच्या मालकीच्या कंपनीला मक्तेदाराचे पैसे थांबवू नका असे न्यायालयात सांगावे लागले. त्यांच्या सांगण्यात खोटे काहीच नव्हते, म्हणूनच ते जास्त बोचते. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी एकाधिकाराचे करार करण्यास मनाई केली, परंतु पैसे देण्यास केली नाही. फायरफॉक्सचा श्वास मोकळा झाला, आणि परावलंबनाची मुदतही वाढली.

पैसा असा एकाच नळाने येत असताना तो कसा खर्च झाला, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७० आणि ऑगस्टमध्ये सुमारे २५० कर्मचारी कमी करण्यात आले. त्यात सर्वो या नव्या ब्राउझर इंजिनावर, म्हणजे पाने पडद्यावर उभी करणाऱ्या गाभ्यावर, काम करणारेही होते. (मोझिलात जन्मलेल्या रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने पुढच्याच वर्षी स्वतःची वेगळी संस्था उभी केली आणि ती आता मोझिलापेक्षा सुखात आहे, असे म्हणायला हरकत नाही.) पॉकेट ही नंतर वाचण्यासाठी लेख साठवण्याची सेवा २०१७ मध्ये विकत घेतली आणि जुलै २०२५ मध्ये बंद केली, खोटे अभिप्राय ओळखणारी फेकस्पॉट २०२३ मध्ये घेतली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली. याच काळात मुख्य कार्यकारी अधिकारी मिशेल बेकर यांचे वार्षिक वेतन २०२२ साली जवळजवळ ६९ लाख डॉलरपर्यंत पोहोचले होते. २०१० च्या आसपास जगातील तीसेक टक्के लोक वापरत असलेला ब्राउझर तोवर दोन-तीन टक्क्यांच्या घरात आला होता, ही बाब या आकड्याशेजारी ठेवून वाचावी लागते. बेकर यांचे संस्थेवरील ऋण मी नाकारत नाही. त्यांच्या चिवटपणाविना मोझिला २००३ सालीच संपली असती. पण आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत ग्रंथपालाचा पगार वाचकसंख्या घटत असताना असा वाढला असता, तर पहिल्या रांगेतील एखादे निवृत्त मास्तर उठून उभे राहिले असते. मोझिलाच्या रचनेत ती पहिली रांगच नाही. कंपनीला भागधारकांची सभा नाही, कारण भागधारक एकच, म्हणजे फाउंडेशन. आणि फाउंडेशनला मतदार सभासद नाहीत, संचालक मंडळ आहे. बाजाराचा धाक नाही आणि लोकशाहीचाही नाही. हे आकडे आपल्याला कळतात तेही धर्मादाय संस्थांना कायद्याने वार्षिक विवरणपत्र जाहीर करावे लागते म्हणून. तेवढ्यापुरता मालकाचा धर्मादायपणा वापरकर्त्याच्या उपयोगी पडतो.

फेब्रुवारी २०२५ मधील गोंधळाचे मूळही इथेच आहे. मोझिलाने फायरफॉक्ससाठी वापराच्या अटी प्रथमच लागू केल्या आणि तुमची वैयक्तिक माहिती कधीच विकणार नाही असे निःसंदिग्ध वचन आपल्या पानांवरून काढून टाकले. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत अटींची भाषा सौम्य करण्यात आली, आणि काही कायद्यांत ‘विक्री’ शब्दाची व्याख्या फार व्यापक असल्याने असे करावे लागले, असा खुलासा देण्यात आला. खुलासा मला पटण्यासारखा वाटतो. तरीही जून २०२४ मध्ये ॲनोनिम ही जाहिरात तंत्रज्ञानाची कंपनी मोझिलाने विकत घेतलेली होती, हे लोक विसरले नव्हते. गुगलवरील अवलंबन कमी करायचे तर दुसरे उत्पन्न हवे, आणि ब्राउझरभोवती दुसरे उत्पन्न म्हटले की जाहिरातच डोळ्यांसमोर येते, असा हा पेच आहे.

याच फाउंडेशनच्या मालकीची दुसरी वस्तू मात्र या पेचातून सुटलेली आहे, आणि म्हणून तिचे परीक्षण जोडून करणे भाग आहे. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम मोझिलाने एकेकाळी जवळजवळ वाऱ्यावर सोडला होता. जानेवारी २०२० मध्ये तो एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या नव्या कंपनीकडे सोपवण्यात आला. ही कंपनीदेखील नफ्याची मुभा असलेली आणि पूर्णपणे फाउंडेशनच्या मालकीची आहे. म्हणजे कागदोपत्री रचना फायरफॉक्सचीच. फरक पैशाच्या वाटेत आहे. थंडरबर्डला वापरकर्ते थेट पैसे देतात आणि ते थंडरबर्डवरच खर्च होतात. प्रोग्राम उघडल्यावर तसे सरळ शब्दांत आवाहन दिसू लागले, आणि २०२१ साली सुमारे २८ लाख डॉलर असलेली देणग्यांची रक्कम २०२२ साली ६४ लाखांवर, तर २०२३ साली ८६ लाखांवर गेली. त्यातूनच अँड्रॉइडवरील के-९ मेल हा जुना, विश्वासू प्रोग्राम त्यांनी आपल्यात सामावून घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थंडरबर्डची फोनवरील आवृत्ती आणली. वाचनालयाचा सगळा पत्रव्यवहार मी थंडरबर्डवर करतो. त्याची मांडणी काहीशी जुनाट आहे आणि दिनदर्शिकेच्या भागाला अजून हात फिरायला हवा, पण त्याच्या निर्णयांत ओढाताण जाणवत नाही, कारण खर्च देणारा आणि वापरणारा माणूस एकच आहे.

अमेरिकेतील ही रचना मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के समभाग टाटा न्यासांकडे आहेत आणि टाटा सन्सकडे टीसीएसचे ७० टक्क्यांहून अधिक. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा अंतिम मालक मुंबईतील धर्मादाय न्यासच आहेत. पण तिथे कंपनीने जगभरच्या शेकडो ग्राहकांकडून कमवायचे आणि लाभांश न्यासांपर्यंत जाऊन रुग्णालये, शिष्यवृत्त्या व्हायच्या, असा ओघ आहे. टीसीएसची संगणकप्रणाली हे स्वतः कोणाचे धर्मादाय कार्य नाही. मोझिलात ब्राउझर हेच धर्मकार्य आणि ब्राउझर हेच दुकान, आणि त्या दुकानाला मोठे गिऱ्हाईक एकच. आपल्या आयकर कायद्यात धर्मादाय न्यासाला खासगी कंपनीचे समभाग नव्याने घेण्याची सहसा मुभा नाही, टाटा न्यासांची मालकी त्या निर्बंधाआधीची आहे. त्यामुळे भारतात उद्या कोणी मोझिलासारखी संस्था काढू म्हणेल, तर त्याला दुसरीच वाट शोधावी लागेल. सिग्नल या संदेश पाठवण्याच्या ॲपची रचनाही मोझिलासारखीच आहे, म्हणजे वर धर्मादाय प्रतिष्ठान आणि खाली त्याच्या मालकीची कंपनी. तिला २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर दिले आणि पुढे लहान देणग्यांची जोड मिळाली. पैसे देणारा प्रतिस्पर्धी नसल्याने सिग्नलचा आवाज न्यायालयात घोगरा होण्याची वेळ आलेली नाही.

तर अभिप्राय असा. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स घ्यावा. ज्यांना जाहिरातींचा आणि पाठलागाचा उबग आला आहे, त्यांनी तर घ्यावाच, आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी यूब्लॉक ओरिजिन आणि कंटेनर बसवून घ्यावेत. फायरफॉक्समागील संस्थेला मी पाचपैकी तीन गुण देईन, थंडरबर्डला साडेचार. शोधयंत्राच्या बाबतीत मात्र मी अजून अडखळतो. गुगल बदलून दुसरे शोधयंत्र ठेवले तर माझी गोपनीयता राखली जाते आणि फायरफॉक्सची मिळकत तेवढी घटते. गुगल ठेवले तर फायरफॉक्स जगतो, पण ज्या कारणासाठी मी तो घेतला ते कारण लंगडे पडते. सध्या माझ्याकडे दुसरेच शोधयंत्र आहे. वाचनालयाच्या संगणकांवर मी गुगलला हात लावलेला नाही, कारण तिथे येणाऱ्या मुलांना तेच सवयीचे आहे, आणि त्यांच्या निबंधांच्या शोधातून फायरफॉक्सला चार पैसे मिळत असतील तर मिळोत.

देणगीचे म्हणाल, तर मी दरवर्षी दिवाळीनंतर थंडरबर्डला देतो. फाउंडेशनला एकदा दिली होती. ती त्यांच्या धोरणविषयक कामावर खर्च झाली असेल आणि ते कामही चांगले असेल, पण मला ती ब्राउझरसाठी द्यायची होती. ब्राउझरसाठी म्हणून पैसे स्वीकारणारी खिडकी मदत यादीतल्या त्या चौकटीत उघडली, तर तिसऱ्या गुणाचा चौथा करायला मी तयार आहे.